प्रशिक्षणाला गेलेल्याची जागा कोण भरणार?

दोनशिक्षकी शाळा ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ज्या शाळेचा पट साठपर्यंत असतो, तिला दोन शिक्षक मिळतात. पाच वर्ग आणि दोन गुरुजी असा हा संसार असतो. अशा एखाद्या शाळेत तालुक्याहून पत्र येते. अमुक विषयाचे पाच दिवसांचे प्रशिक्षण आयोजित केले आहे, शाळेतील एका शिक्षकाने उपस्थित राहावे, अनुपस्थितीची गंभीर दखल घेतली जाईल. दुसऱ्या दिवशी एक गुरुजी तालुक्याला जातात. मागे राहिलेले गुरुजी पाचही वर्ग एकत्र बसवितात, फळ्यावर गणिते लिहून देतात, मधल्या सुटीत पोषण आहाराची खिचडी शिजली की नाही ते पाहतात आणि संध्याकाळी हजेरीपत्रक पुरे करतात. इकडे हे चालू असताना तिकडे तालुक्याच्या सभागृहात कदाचित 'बहुवर्ग अध्यापनाची तंत्रे' या विषयावर व्याख्यान रंगलेले असते!

सरकारी कचेरीतले चित्र याहून निराळे नाही. दाखल्यासाठी किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला 'त्या टेबलाचे साहेब ट्रेनिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या' हे वाक्य ऐकावे लागते. साहेब परततात तेव्हा त्यांच्या टेबलावर आठवड्याचा ढीग साचलेला असतो. तो उपसता उपसता सभागृहात ऐकलेले सारे विरून जाते. मग गुरुजी म्हणतात, 'प्रशिक्षण म्हणजे नसती कटकट'. कारकून म्हणतो, 'शिक्षा'. आणि वरिष्ठ म्हणतात, 'या लोकांना शिकायलाच नको.' तिघांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, परंतु मूळ दोष कोठे आहे हे तिघांपैकी कोणीच सांगत नाही. आपल्या व्यवस्थेने प्रशिक्षण हे नोकरीच्या बाहेरचे काम मानले आहे. त्यासाठी तिने परिपत्रके काढली, पोर्टले उभारली, प्रमाणपत्रे छापली. पण कर्मचाऱ्याच्या कामाच्या दिवसात त्याला जागा करून दिली नाही.

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित करण्यास कारण आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. त्याच वर्षी २ सप्टेंबरला 'मिशन कर्मयोगी' ही योजना मंजूर झाली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत ५१० कोटी ८६ लाख रुपये खर्चण्याची ही योजना होती. 'नियमाधारित' कारभाराकडून 'भूमिकाधारित' कारभाराकडे जायचे, हे तिचे घोषवाक्य. तिच्यातून निर्माण झालेल्या संगणकीय व्यासपीठावर आज केंद्राबरोबर राज्यांचे कर्मचारीही नोंदणी करीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'कर्मयोगी सप्ताह' साजरा झाला, तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तासांचे शिक्षण पुरे करावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कायदे बदलतात, अभ्यासक्रम बदलतात, कागदाची जागा संगणक घेतो; अशा काळात वीस वर्षांपूर्वीच्या शिदोरीवर निवृत्तीपर्यंत निभावून नेणे कोणालाच शक्य नाही. प्रश्न मोजमापाचा आहे. जे मोजले जाते तेच केले जाते, हा नोकरशाहीचा अनुभवसिद्ध नियम आहे. तास मोजले की तास भरले जातात. चित्रफीत एका कोपऱ्यात चालू राहते आणि हात नेहमीच्या फायलीवर फिरत राहतो. शेवटी चार प्रश्नांची उत्तरे शेजाऱ्याला विचारून टिचकली की प्रमाणपत्र तयार. यात कर्मचाऱ्याचा आळस असतो हे खरे. पण ज्याला शिकण्यासाठी दिवसातला एक तासही मोकळा दिलेला नाही, त्याने याहून वेगळे काय करावे, हेही विचारले पाहिजे.

कामगाराला शिकवावे लागते ही जाणीव आपल्याकडे काही नवी नाही. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेली 'मेस्तके' ही कारकुनांना पत्रांचे मायने आणि दप्तराची रीत शिकविणारी पुस्तकेच होती. 'उमेदवारी' हा शब्द आज निवडणुकीच्या अर्जाला चिकटला असला, तरी त्याचा जुना अर्थ निराळा होता. दफ्तरात पगाराविना बसायचे, जाणत्या कारकुनाच्या शेजारी राहून मोडी अक्षर वळवायचे, हिशेबाची खोच समजून घ्यायची आणि हात बसला की कामाला लागायचे, ही उमेदवारी. तिच्यात पिळवणूक होती, जातीपातीची आणि नात्यागोत्याची बंधने होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तीत शिकणे आणि काम करणे या दोन गोष्टी एकाच बैठकीवर घडत होत्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या नवख्या नोकरांसाठी १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षणाची संस्था आणि कामाची जागा यांची फारकत तेव्हापासून रूढ होत गेली.

स्वातंत्र्यानंतर आपण संस्था उभारण्यात कसर केली नाही. सनदी अधिकाऱ्यांसाठी १९५९ मध्ये मसुरीची प्रबोधिनी उभी राहिली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेतून पुढे पुण्याची 'यशदा' आकारास आली. शिक्षकांच्या बाबतीत तर शिफारशींचा सुकाळ आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक पाच वर्षांच्या सेवेमागे दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण द्यावे, असे सुचविले होते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था जन्मास आल्या. सर्व शिक्षा अभियानात वर्षाला वीस दिवसांपर्यंतच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमाने सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य ठेवले आणि २०२० च्या साथीत तो 'दीक्षा' या संगणकीय मंचावर नेण्यात आला. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कोठारी आयोगाचे दोन ते तीन महिने पाच वर्षांवर विभागले, तर वर्षाला बारा ते अठरा दिवस पडतात. आजचे ५० तास, रोजचे पाच तास धरले, तर दहा दिवस होतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वी जेवढे आवश्यक मानले गेले, त्याहून आजची मागणी कमीच आहे. तरीही ती जड वाटते, कारण तेव्हाही आणि आताही ते दिवस आणायचे कोठून, याचे उत्तर शिक्षकावरच सोडण्यात आले.

त्यात भर पडते ती 'साखळी'ची. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवायचे, त्यांनी तालुक्याच्या आणि त्यांनी अखेरीस शिक्षकांना. लाखो शिक्षक असलेल्या राज्यात ही पद्धत सोयीची ठरते, यात शंका नाही. पण कालव्याच्या शेपटाला पाणी किती पोहोचते, हे शेतकऱ्याला विचारावे. वरच्या टप्प्यावर आठवडाभर चाललेला विचार खाली दोन दिवसांत आटोपला जातो. वर जी चर्चा होती, तिचे खाली व्याख्यान होते आणि शेवटी उरतात पडद्यावरच्या वाचून दाखविलेल्या ओळी. शिक्षकाने मुलांना कृतीतून शिकवावे, हे शिक्षकाला सलग तीन तास भाषण करून सांगितले जाते. या विसंगतीची कोणाला मौज वाटत नाही, खंतही वाटत नाही.

समजा, प्रशिक्षण उत्तम झाले. तरीही ते कामात उतरेल असे नाही. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनाचा धांडोळा घेतला. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा, की सिद्धान्त सांगणे, करून दाखविणे आणि करवून घेणे या पायऱ्यांनी माणसाला नवे कौशल्य समजते. पण ते रोजच्या वर्गात टिकायचे असेल, तर परतल्यावर त्याच्यासोबत कोणीतरी उभे राहावे लागते. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी नदी ओलांडीत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. आपल्या व्यवस्थेत मात्र प्रशिक्षण संपते त्या क्षणी सारे संपते. समारोपाचे भाषण, चहा, प्रवासभत्त्याचे देयक आणि प्रमाणपत्र. शिकलेले वापरले गेले काय, हे पाहायला महिन्याने वर्गात कोणी येत नाही. कोणी आलेच तर प्रमाणपत्राची प्रत फायलीला लावली आहे की नाही, एवढेच पाहून जातो.

कचेरीत याहून वाईट घडते. एखादा तरुण लिपिक संगणकीय नस्तीची पद्धत मन लावून शिकतो. परत आल्यावर त्याचे वरिष्ठ म्हणतात, 'ते सगळे ठीक आहे, पण मला छापून आणा. मी कागदावरच सही करतो.' म्हणजे एकच टिपणी दोनदा तयार करायची. किंवा तो लेखाशाखेचे शिक्षण घेऊन येतो आणि पुढच्याच महिन्यात त्याची बदली आस्थापनेवर होते. अशा दोनचार अनुभवांनंतर नवे शिकण्याची इच्छा कोणाच्या मनात टिकेल? शिकलेल्या माणसाला शिकल्याप्रमाणे काम करू देणे, ही त्याच्या संस्थेची जबाबदारी आहे. परीक्षा कर्मचाऱ्याची घेतली जाते; संस्थेची कधीच घेतली जात नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. प्रशिक्षण वेतनाशी जोडा, म्हणजे लोक आपोआप शिकतील. आपण ते करून पाहिले आहे. महाराष्ट्रात शिक्षकाला बारा वर्षांनंतर वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळते, त्यासाठी विहित प्रशिक्षणाची अट आहे. सरकारी कर्मचाऱ्यांवर संगणक अर्हतेची अट घातली गेली आणि मुदतीत ती पुरी न करणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. सक्तीचा काहीच उपयोग झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येकांनी त्यामुळेच प्रथम कळफलकावर बोटे ठेवली. परंतु वेतनाशी जोडलेले प्रशिक्षण हळूहळू जकातनाका बनते. पलीकडे जायचे म्हणून पावती फाडायची. गाडीत काय आहे, याच्याशी नाक्याला कर्तव्य नसते. शिवाय सरकारने वेळेवर प्रशिक्षणच आयोजित केले नाही, तर पात्र शिक्षकाची वेतनश्रेणी लांबते. म्हणजे चूक खात्याची आणि भुर्दंड शिक्षकाला.

मग उपाय काय? तो शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच नियमांच्या पुस्तकात तो आहे, फक्त वरच्या मजल्यावर. भारतीय प्रशासन सेवेच्या राज्य संवर्गाची पदसंख्या ठरविताना वरिष्ठ पदांच्या साडेतीन टक्क्यांपर्यंत 'प्रशिक्षण राखीव' पदे धरली जातात. काही अधिकारी कोणत्याही वेळी शिकत असणारच, तेव्हा त्यांच्या कामासाठी जादा माणसे हवीत, हा त्यामागचा साधा विचार. रजेसाठीही अशीच वेगळी तरतूद असते. हा विचार अत्यंत योग्य आहे. प्रश्न एवढाच, की जो न्याय सचिवालयाला, तो दोनशिक्षकी शाळेला का नाही? जिल्हाधिकारी प्रशिक्षणाला गेले, तर त्यांचा कार्यभार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे रीतसर सोपविला जातो. गुरुजी गेले, तर पहिलीच्या मुलांचा कार्यभार चौथीच्या मोठ्या मुलीकडे जातो.

आकडेमोड अवघड नाही. शंभर शिक्षकांनी वर्षातले दहा दिवस प्रशिक्षणात घालवायचे म्हटले, तर एक हजार शिक्षकदिवस होतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस कामाचे ठरविले आहेत. हजाराला दोनशेने भागले की उत्तर येते पाच. म्हणजे शंभर शिक्षकांमागे पाच राखीव शिक्षक असतील, तर ५० तासांची अपेक्षा एकाही वर्गाला उघडे न टाकता पुरी होऊ शकते. ज्या केंद्रात चाळीस शिक्षक आहेत, तेथे दोन राखीव शिक्षक पुरतात. आज हे पाच शिक्षक नाहीत, याचा अर्थ त्यांचा खर्च वाचला असा होत नाही. तो खर्च मुले भरतात, न शिकलेल्या तासांच्या रूपाने. त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही, एवढेच.

पैसा नाही, असे यावर सांगितले जाईल. मंजूर पदेच रिकामी असताना राखीव पदांची भाषा कसली, असेही विचारले जाईल. आक्षेप गंभीर आहे. परंतु २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने प्रत्येक खात्याने वेतनखर्चाच्या अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी, असे सुचविले होते. महिना चाळीस हजार वेतन असणाऱ्या कर्मचाऱ्यामागे ही रक्कम वर्षाला बारा हजार रुपये होते. याउलट 'मिशन कर्मयोगी'चे ५१० कोटी ४६ लाख कर्मचाऱ्यांवर आणि पाच वर्षांवर विभागले, तर दर माणशी वर्षाला सुमारे सव्वादोनशे रुपये पडतात. ही रक्कम मुख्यतः नव्या व्यवस्थेच्या उभारणीची आहे, प्रशिक्षण संस्थांचा आणि खात्यांचा इतर खर्च वेगळा असतो, हे मान्य करूनही स्वस्तातल्या मार्गाचा मोह कोठे नेतो, ते यातून दिसते. संगणकाच्या पडद्यावरचे शिक्षण त्याज्य नाही. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या शिक्षकाला उत्तम अध्यापकाचे व्याख्यान घरबसल्या ऐकता यावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण ते पुस्तकासारखे साधन आहे. ग्रंथालय काढले म्हणून शाळा बंद करता येत नाही.

पैशापेक्षाही दृष्टीचा भाग मोठा आहे. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे एक साधी प्रथा चालत आली आहे. शाळेतले काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांच्यातला एक तो वर्गात शिकवितो, बाकीचे मागे बसून मुले कोठे अडखळतात ते टिपतात आणि नंतर सारे मिळून त्यावर बोलतात. ना सभागृह, ना प्रवासभत्ता. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात बालशिक्षण आणि शिक्षिकांची घडण ही दोन्ही कामे मुलांच्याच सान्निध्यात चालत. आपल्या केंद्रशाळेत दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, ती याच विचारातून योजलेली आहे. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी तिचे रूपांतर माहिती मागविण्याच्या आणि तक्ते भरण्याच्या बैठकीत झाले आहे. तिला तिचे मूळ काम परत दिले, तर नवे पोर्टल न काढताही बरेच साधेल.

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक केंद्रात आणि प्रत्येक मोठ्या कचेरीत प्रशिक्षण राखीव पदे हवीत; ती मिळेपर्यंत दोनशिक्षकी शाळेतला शिक्षक पर्यायी व्यवस्थेशिवाय कामाच्या दिवशी बाहेर बोलावू नये आणि सुटीत बोलाविल्यास त्या दिवसांची भरपाई अर्जित रजेने व्हावी. दुसरी, संगणकावरील शिक्षणासाठी कामाच्या वेळेतलाच निश्चित तास ठरवून द्यावा. रात्री घरी पुरे केलेले तास ही कर्मचाऱ्याची निष्ठा असेल, पण संस्थेची कर्तव्यपूर्ती नव्हे. तिसरी, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला किमान काही काळ त्याच कामावर ठेवावे आणि शिकलेले वापरता आले काय, न आल्यास कोणी अडविले, हा प्रश्न त्याच्या वरिष्ठालाही विचारावा.

शिक्षक आणि कारकून यांच्या संघटनांनीही येथे आत्मपरीक्षण करावे. वेतनश्रेणी थकली की मोर्चा निघतो आणि तो निघावाच. पण प्रशिक्षण निकस होते म्हणून मोर्चा निघाल्याचे स्मरत नाही. 'आम्हांला प्रशिक्षण नको' असे म्हणण्याऐवजी 'आम्हांला खरे प्रशिक्षण हवे आणि त्यासाठी वेळ हवा' असे या संघटना म्हणू लागल्या, तर त्यांचे नैतिक बळ वाढेल. सिंगापूरमध्ये वर्षाला शंभर तासांचे व्यावसायिक शिक्षण हा शिक्षकाचा हक्क मानला जातो. आपल्याकडे त्याच्या निम्मे तास ओझे वाटतात. हक्क आणि ओझे यांतील अंतर तासांच्या संख्येत नसून ते तास कोणाच्या वेळेतून काढले जातात, यात आहे.

पाच दिवस संपवून गुरुजी शाळेत परततात. पिशवीत घडीपुस्तिका असते, मोबाइलमध्ये प्रमाणपत्र असते आणि कदाचित मनात एखादी नवी कल्पनाही असते. समोर पाच वर्ग असतात, मागे पाच दिवसांचा राहिलेला अभ्यास असतो आणि मेजावर तालुक्याचे नवे पत्र असते. ती कल्पना सोमवारी फळ्यापर्यंत पोहोचते की पिशवीतच राहते, यावरून आपल्या सर्व मिशनांचे आणि धोरणांचे मूल्यमापन व्हावे. तेवढा एक तास गुरुजींना देण्याची तयारी नसेल, तर निदान ५० तासांचा हिशेब मागण्याचा अधिकार तरी सरकारने सांगू नये.